‘तान्हाजी’ चित्रपट आणि कोंढाण्याचे खरे सेनानी : किती इतिहास, किती कल्पना?



चौथीच्या वर्गात इतिहासाचा तास सुरू असला आणि कोंढाण्याचं नाव निघालं, की हल्ली मुलांचे हात पटापट वर येतात. आनंदच वाटतो. पण मुलं जे सांगतात त्यातला निम्मा भाग पुस्तकातला नसतो, तो चित्रपटातला असतो. माझ्या वर्गातल्या एका मुलाने ‘शिवाजी महाराजांना कोंढाणा परत का हवा होता?’ या प्रश्नाचं उत्तर लिहिलं होतं, “कारण तिथे नागीण तोफ होती.” अक्षर सुंदर, वाक्य बरोबर, आत्मविश्वास पूर्ण. आता याला गुण द्यायचे की नाहीत?

हा प्रश्न एका मुलाचा नाही. चित्रपट दोन-अडीच तासांत मुलांच्या डोक्यात जे पक्कं बसवतो, ते आपण सहा तासिका घेऊनही पुसू शकत नाही. आणि सरसकट पुसायची गरजही नाही. गरज आहे ती चाळणी लावायची. म्हणून या लेखात आपण ‘तान्हाजी : द अनसंग वॉरियर’ हा चित्रपट घेऊ आणि त्यातल्या खऱ्या सेनानींचं चित्रण जुन्या साधनांशी ताडून पाहू. शेवटी वर्गात घेता येतील अशा काही कृतीही दिल्या आहेत.

१. आधी घटना थोडक्यात

जून १६६५ मध्ये पुरंदरचा तह झाला. मिर्झाराजे जयसिंगांच्या फौजेपुढे शिवाजी महाराजांना २३ किल्ले मुघलांना द्यावे लागले. त्यांत कोंढाणा होता. पुढे १६६६ मध्ये महाराज आग्र्याला गेले, तिथून ऑगस्टमध्ये निसटले आणि परत आल्यावर त्यांनी तीनेक वर्षं राज्याची घडी बसवण्यात घालवली. १६७० साल उजाडताच गेलेले किल्ले परत घेण्याची मोहीम सुरू झाली. तिच्या सुरुवातीलाच कोंढाण्याची लढाई झाली.

तिथी होती माघ वद्य नवमी, शके १५९१, म्हणजे ४ फेब्रुवारी १६७०. तानाजी मालुसरे निवडक मावळे घेऊन रात्री कडा चढून गडावर गेले. किल्लेदार उदयभान राठोड हा राजपूत सरदार होता. लढाईत तानाजी आणि उदयभान दोघेही पडले. गड स्वराज्यात आला. पुढच्याच महिन्यात पुरंदरही परत मिळाला.

घटना एवढीच. ती चार ओळींत मावते. पण या चार ओळींवर गेली साडेतीनशे वर्षं पोवाडे, कादंबऱ्या, नाटकं आणि चित्रपट उभे राहिले आहेत.

२. आपल्याला हे कळतं कशावरून?

हा प्रश्न मुलांना आवर्जून विचारावा. “सर, पुस्तकात आहे म्हणून” हे उत्तर आलं तर पुढचा प्रश्न विचारा, “पुस्तकवाल्यांना कुठून कळलं?”

कोंढाण्याच्या बाबतीत तीन गोष्टी माहीत असल्या तरी पुरेसं आहे.

*जेधे शकावली.* कारीच्या जेधे देशमुखांच्या घरात मिळालेली ही नोंदवही. लोकमान्य टिळकांमुळे ती उजेडात आली. यात गोष्ट नाही, वर्णन नाही. अमुक तिथीला अमुक झालं, एवढंच. घरातल्या कॅलेंडरवर आपण ‘आज गॅस आला’, ‘आज फी भरली’ असं लिहितो ना, तसं. म्हणूनच तारखांसाठी तिच्यावर जास्त भरवसा ठेवता येतो.

*सभासद बखर.* कृष्णाजी अनंत सभासद याने ती राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून सुमारे १६९७ साली जिंजीला लिहिली. म्हणजे लढाईनंतर साधारण २७ वर्षांनी. सभासद हा महाराजांच्या काळातला माणूस. त्यामुळे त्याचं सांगणं मोलाचं. पण तो आठवणीतून लिहितो आणि आकडे सांगताना हात सैल सोडतो, हेही लक्षात ठेवायचं.

*तुळशीदास शाहिराचा पोवाडा.* आपल्याला ठाऊक असलेल्या बऱ्याच रंगीत गोष्टी यातून आल्या आहेत. यशवंती घोरपड, ऐंशी वर्षांचे शेलारमामा, रायबाच्या लग्नाचं आमंत्रण हे सगळं पोवाड्याने घराघरांत पोहोचवलं. पोवाडा हा ऐकणाऱ्याच्या अंगावर रोमांच उभे करण्यासाठी रचलेला असतो. त्याचं ते कामच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अॅकवर्थ आणि शाळिग्राम यांनी पोवाड्यांचा संग्रह छापला, तेव्हापासून तो पुस्तकरूपाने वाचायला मिळाला.

आता ही चाळणी हातात घेऊन एकेका व्यक्तीकडे वळू.

३. तानाजी मालुसरे : एकटा वीर की सेनानी?

चित्रपटात तानाजी म्हणजे अजय देवगण. ते दरीत उड्या घेतात, वेष पालटून गडात शिरतात, पकडले जातात, सुटतात, पुन्हा येतात आणि शेवटी एक हात तुटल्यावरही लढून उदयभानाचा शेवट करतात. पडद्यावर हे बघताना टाळ्या पडतात. मुलांच्या मनात प्रतिमा तयार होते ती अशी, की एका माणसाने गड घेतला.

सभासद काय सांगतो? तानाजी हे मावळ्यांचे ‘हजारी’ होते. हा शब्द मुलांना जरूर समजावून सांगा. महाराजांच्या पायदळात दहा पाईकांवर एक नाईक, पाच नाईकांवर एक हवालदार, दोन-तीन हवालदारांवर एक जुमलेदार आणि दहा जुमल्यांवर एक हजारी अशी रचना होती. म्हणजे तानाजी हे फक्त तलवारबाज नव्हते. हजार माणसांची जबाबदारी सांभाळणारे अधिकारी होते.

आणि त्यांनी त्या रात्री केलेलं कामही अधिकाऱ्याचं आहे. बखरीप्रमाणे त्यांनी पाचशे माणसं निवडली. त्यांतून कडा चढण्यात पटाईत असे दोन मावळे वेगळे काढले. ते दोघे वानरासारखे कडा चढून गेले, वरून त्यांनी माळ म्हणजे चढण्याची शिडी लावली आणि तिच्यावरून तानाजींसह तीनशे जण वर पोहोचले. घोरपडीचा पत्ताच नाही! दोन माणसांनी जे केलं, ते पुढे एका प्राण्याच्या नावावर जमा झालं. त्या दोघांची नावंही सभासदाने दिलेली नाहीत. मुलांना हे सांगितलं की ती हळहळतात, आणि ते चांगलंच आहे.

तिथीकडेही बघा. वद्य नवमीला चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास किंवा त्यानंतर उगवतो. म्हणजे रात्रीचा पहिला भाग काळोखाचा. कड्याखाली पोहोचायचं, चढायचं, ते या काळोखात. ही तिथी मुद्दाम निवडली असं लिहिलेलं कुठे सापडत नाही, पण काळोखाचा उपयोग कसा झाला असेल हे मुलं आपली आपण सांगू शकतात.

तुटलेल्या हाताबद्दल. बखरीत हात तुटत नाही, ढाल तुटते. दुसरी ढाल वेळेवर मिळत नाही, तेव्हा तानाजी आपला डावा हातच ढालीसारखा पुढे करून वार झेलतात. मला विचाराल तर हे चित्रपटापेक्षा जास्त अंगावर येतं. तुटलेला हात हा अपघात आहे. पुढे केलेला हात हा निर्णय आहे.

आणखी एक. चित्रपटाच्या नावात ‘अनसंग’ म्हणजे ज्याचे गुण कुणी गायले नाहीत असा. आता ज्यांच्यावर गावोगावच्या जत्रेत डफावर थाप पडली, त्या तानाजींना हा शब्द लावणं आपल्याला गमतीशीर वाटतं. महाराष्ट्राबाहेरच्या प्रेक्षकांसाठी तो ठीक असेल. खरे ‘न गायलेले’ म्हणजे ते दोन मावळे.

४. उदयभान : इथे सर्वांत मोठी गडबड

सैफ अली खानने रंगवलेला उदयभान मुलांना तानाजींइतकाच आठवतो. काळे कपडे, विक्षिप्त हसणं, मगर भाजून खाणं, आपल्याच माणसांना कारण नसताना मारणं. शिवाय कमल नावाच्या राजपूत स्त्रीला पळवून आणून डांबून ठेवणं. असा किल्लेदार एका महत्त्वाच्या गडावर औरंगजेबाने नेमला असेल का? हा साधा प्रश्न चौथीतलं मूलही विचारू शकतं. जो रोज आपलेच शिपाई मारतो, त्याच्यासाठी शेकडो शिपाई जीव देतील का?

सभासदाच्या बखरीत उदयभान असा नाही. तिथे दोघांची गाठ पडते तेव्हा सभासद दोघांनाही मोठे योद्धे आणि महाशूर म्हणतो. शत्रूलाही! स्वराज्याच्या बाजूने लिहिणारा, महाराजांच्या मुलासाठी लिहिणारा माणूस शत्रूच्या शौर्याला नाकारत नाही. आणि त्याने तानाजींची उंची कमी होत नाही. उलट वाढते. कारण दुबळ्याला किंवा वेड्याला हरवणं यात काय मोठं?

मग हा राक्षसी उदयभान आला कुठून? गंमत इथेच आहे. तो चित्रपटवाल्यांनी पहिल्यांदा बनवलेला नाही. पोवाड्यातच त्याच्या अफाट खाण्याची वर्णनं आहेत, त्याचा चंद्रावली नावाचा हत्ती आहे, सिद्दी हिलाल नावाचा दांडगा साथीदार आहे. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हरि नारायण आपटे यांनी ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी लिहिली. तिच्यात कमलकुमारी आणि जगतसिंह ही पात्रं आली. चित्रपटातली कमल आणि तिचा भाऊ हे त्यांचेच वारस. १९२३ साली बाबूराव पेंटर यांनी ‘सिंहगड’ हा मूकपट काढला, १९३३ मध्ये प्रभातने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली बोलपट काढला. दोन्ही आपट्यांच्या कादंबरीवर आधारलेले होते. म्हणजे १० जानेवारी २०२० रोजी प्रदर्शित झालेला ‘तान्हाजी’ बखरीपेक्षा कादंबरीला जास्त जवळचा आहे. कादंबरीकाराने कल्पना केली, ती पुढच्याने उचलली, त्याच्या पुढच्याने तिच्यावर आणखी मसाला टाकला, आणि आज आपली मुलं तिला इतिहास म्हणून उत्तरपत्रिकेत लिहितात.

आणखी एक मुद्दा जपून पण नक्की सांगावा. उदयभान राजपूत होता आणि मुघलांच्या नोकरीत होता. पुरंदरचा तह घडवणारे मिर्झाराजे जयसिंगही राजपूत होते. दुसरीकडे महाराजांच्या सुरुवातीच्या पायदळाचा प्रमुख नूरखान बेग होता आणि आरमारात दर्यासारंग होता. त्या काळची लढाई राज्याराज्यांतली होती, कोण कोणाच्या चाकरीत यावर बाजू ठरत होती. चित्रपटात झेंड्यांच्या रंगांवरून मुलं जो सोपा अर्थ काढतात आणि मधल्या सुट्टीत एकमेकांना ‘तू त्यांचा’ म्हणतात, त्याला शिक्षकाने तिथल्या तिथे ही नावं सांगून उत्तर द्यायला हवं. व्याख्यान नको. नुसती नावं पुरतात.

५. सूर्याजी : ज्याचा प्रसंग चित्रपटाने घेतला

मला स्वतःला चित्रपटातली सगळ्यात मोठी उणीव ही वाटते.

विचार करा. रात्रीची वेळ, परका गड, संख्या शत्रूची जास्त, आणि तुमचा सेनापती तुमच्या डोळ्यांसमोर पडतो. अशा वेळी बहुतेक फौजा पळत सुटतात. पानिपतावर विश्वासराव पडल्यावर काय झालं ते आपल्याला माहीत आहे. कोंढाण्यावर तसं झालं नाही. का? कारण तानाजींचे भाऊ सूर्याजी यांनी हिंमत धरली, पांगणाऱ्या लोकांना सावरलं आणि लढाई पूर्ण केली. बखरीचा क्रम स्पष्ट आहे. आधी दोन्ही सेनानी पडतात, मग सूर्याजी पुढे होतात, मग गड मिळतो.

म्हणजे कोंढाणा जिंकला गेला तो तानाजी पडल्यानंतर. चित्रपटात मात्र उदयभानाचा शेवट तानाजींच्याच हातून होतो, आणि तिथेच लढाईचा निकाल लागल्यासारखा वाटतो. सूर्याजी पडद्यावर आहेत, पण त्यांचा क्षण त्यांच्याकडे राहिलेला नाही. पोवाड्याच्या परंपरेत उदयभानाला मारण्याचा मान शेलारमामांना आहे, तोही इथे गेला.

सूर्याजींनी दोर कापले आणि पळणाऱ्यांना परत फिरवलं ही गोष्ट आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो. सभासदाच्या वर्णनात दोर कापण्याचा उल्लेख नाही. ती लोकपरंपरेतली गोष्ट म्हणून सांगावी. पण गोष्टीतला गाभा बखरीशी जुळतो. माणसं डगमगली होती आणि सूर्याजींनी त्यांना थांबवलं.

मुलांना यातून जे शिकता येतं ते मोलाचं आहे. कबड्डीच्या संघातला कॅप्टन बाद झाला तर काय करायचं? गटप्रमुख गैरहजर असेल तर प्रकल्प थांबवायचा का? ज्याने आपल्यामागे काम सांभाळणारा माणूस तयार ठेवला, तो खरा चांगला नायक. तानाजींचं हे मोठेपण चित्रपटातून मुलांपर्यंत पोहोचत नाही.

६. शिवाजी महाराज आणि जिजाऊ

शरद केळकरने केलेले महाराज संयत आहेत, बोलण्यात अदब आहे. अनेकांना ते आवडले, मलाही. पण प्रसंग तपासू.

चित्रपटात महाराज रायबाच्या लग्नामुळे मोहिमेची गोष्ट तानाजींपासून लपवतात, मग तानाजींना ती कळते. बखरीत लग्नाचा विषयच नाही. तानाजी स्वतः ‘मी कोंढाणा घेतो’ असं कबूल करतात, वस्त्रं आणि विडा घेतात आणि निघतात. बस. आधी कोंढाण्याचं लग्न आणि मग मुलाचं, हे वाक्य आपल्या रक्तात भिनलं आहे, आणि ते शिकवू नये असं मी म्हणत नाही. ‘परंपरा असं सांगते’ हे तीन शब्द आधी जोडले की झालं.

जिजाऊंनी कोंढाणा परत येईपर्यंत पायांत काही घालणार नाही अशी प्रतिज्ञा केली, असं चित्रपट दाखवतो. सभासदात किंवा जेधे शकावलीत असं काही नाही. पोवाड्यात जिजाऊंना कोंढाण्याची ओढ लागल्याचा सोंगट्यांच्या खेळाचा प्रसंग आहे. म्हणजे प्रत्येक काळाने जिजाऊंची तळमळ आपापल्या पद्धतीने रंगवली.

लढाईनंतरचा उद्गार तर आपल्या पाठाचंच नाव आहे. बखरीत महाराज म्हणतात त्याचा आशय असा, की एक गड मिळाला पण दुसरा एक गड गेला. म्हणजे तानाजी हाच एक गड! ‘सिंह’ हा शब्द आपट्यांच्या कादंबरीच्या नावामुळे आपल्या तोंडी बसला. आणि तानाजींमुळेच कोंढाण्याचं नाव सिंहगड पडलं असं आपण सांगतो, पण १६६३ च्या पत्रातही सिंहगड हे नाव आलेलं आहे. म्हणजे लढाईच्या आधीच सात वर्षं. यातून मुलांचा हिरमोड होईल असं वाटतं, पण होत नाही. “म्हणजे सर, आपल्याला गुपित कळलं!” अशी त्यांची प्रतिक्रिया असते.

७. नागीण तोफ आणि गणिताचा तास

आता त्या उत्तरपत्रिकेकडे. चित्रपटात उदयभान ‘नागीण’ नावाची प्रचंड तोफ घेऊन येतो आणि कोंढाण्यावरून राजगडावर मारा होणार, अशी भीती असते. ही तोफ सभासदाच्या वर्णनात नाही.

पण नुसतं ‘नाही’ म्हणण्यापेक्षा मुलांना शोधू द्या. पुणे जिल्ह्याचा नकाशा घ्या. सिंहगड आणि राजगड यांवर टिंबं द्या. पट्टीने अंतर मोजा आणि नकाशाच्या प्रमाणाने किलोमीटर काढा. सरळ रेषेत साधारण १५ किलोमीटर येतात. त्या काळच्या तोफांचा परिणामकारक मारा फार तर एक-दोन किलोमीटरचा. मग राजगडावर गोळा पडेल का? मुलं स्वतःच हसायला लागतात.

मात्र याच १५ किलोमीटरमुळे एक खरी गोष्ट पटते. गड घेतल्यावर मावळ्यांनी पागेच्या छपरांना आग लावली आणि तो उजेड महाराजांनी राजगडावरून पाहिला, असं बखर सांगते. तोफेचा गोळा पोहोचणार नाही, पण रात्रीच्या काळोखात जाळ नक्की दिसेल. तेव्हाचा हा संदेशच. एकाच नकाशाने एक गोष्ट खोटी ठरते आणि दुसरी शक्य वाटते.

आणि ‘कोंढाणा का हवा होता?’ याचं उत्तरही नकाशातच आहे. पुणे प्रांतावर नजर ठेवणारा, राजगड-पुरंदरच्या शेजारचा गड मुघलांच्या हाती ठेवून स्वराज्य निर्धास्त राहू शकत नव्हतं. त्यासाठी तोफेची गरज नाही.

८. मग बखर शंभर टक्के खरी का?

नाही. हे सांगितलं नाही तर आपण चित्रपटाच्या जागी बखर बसवली, एवढंच होईल. सभासद म्हणतो की गडावर बाराशे माणूस होतं आणि ते सगळं मारलं गेलं. तीनशे मावळ्यांनी एका रात्रीत बाराशे मारले हा आकडा इतिहासाच्या अभ्यासकाला जपूनच घ्यावा लागतो. सभासद त्या रात्री कड्यावर उभा राहून मोजत नव्हता. तोही ऐकलेलं सांगतो, आणि तोही आपल्या धन्याचा अभिमान बाळगून सांगतो.

म्हणून वर्गात मी तीन रंगांचे खडू वापरते. शकावलीसारखी कोरडी नोंद पांढऱ्याने, बखरीतलं पिवळ्याने, पोवाडा-कादंबरी-चित्रपटातलं लाल खडूने. फळा भरला की मुलांना दिसतं की पांढरं किती थोडं असतं. पण ते असतं.

९. चित्रपट दाखवायचा की नाही?

माझं मत, जरूर दाखवावा. अजय देवगणला या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सह्याद्रीचे कडे, रात्रीचा काळोख, मावळ्यांचं एकमेकांवरचं प्रेम हे पडद्यावर जसं दिसतं तसं फळ्यावर दाखवता येत नाही. ज्या मुलाला पुस्तक उघडायचा कंटाळा, तोही चित्रपटानंतर दहा प्रश्न विचारतो. कलावंताला कल्पनेचं स्वातंत्र्य आहे, ते शाहिरालाही होतं.

फक्त एक लक्षात ठेवू. चित्रपटातली माणसं खरी असतील तर बदलाची किंमत कुणीतरी मोजतं. १९९७ चा ‘बॉर्डर’ आठवा. १९७१ च्या लोंगेवालाच्या लढाईवरचा. त्यात सुनील शेट्टीने केलेलं भैरोसिंग हे पात्र रणांगणावर मरतं. खरे भैरोसिंग राठोड मात्र लढाईनंतर अनेक दशकं जगले आणि डिसेंबर २०२२ मध्ये गेले. जिवंत माणसाला पडद्यावर शहीद केलं, आणि देशातल्या बहुतेकांना तो माणूस हयात आहे हेच माहीत नव्हतं. भैरोसिंगांच्या बाबतीत निदान खरं काय ते विचारता येत होतं. सूर्याजी आणि उदयभान आपली बाजू सांगायला येणार नाहीत. त्यांच्या वतीने बोलायला जुने कागद आहेत, आणि ते कागद मुलांना दाखवणारे आपण.

१०. वर्गातील कृती

१. *तीन रकाने.* वहीत तीन रकाने आखा : ‘चित्रपटात’, ‘पुस्तकात’, ‘जुन्या साधनात’. कडा कसा चढले, उदयभान कसा होता, त्याला कुणी मारलं, गड कुणी ताब्यात घेतला, या चार मुद्द्यांवर रकाने भरा.

२. *मी सूर्याजी.* ‘तानाजी पडले आहेत, तुम्ही सूर्याजी आहात, तुमच्या माणसांना काय सांगाल?’ पाच वाक्यांत लिहा आणि वर्गासमोर म्हणा.

३. *कानगोष्ट.* सोळा-सतरा मुलांना ओळीत बसवून एक वाक्य कानात सांगत पुढे पाठवा. शेवटी काय निघतं ते बघा. मग विचारा, २७ वर्षांनी काय निघेल? साडेतीनशे वर्षांनी?

४. *दोन चित्रपट, एक घटना.* ज्यांनी २०२३ चा मराठी ‘सुभेदार’ही पाहिला आहे, त्यांनी एकाच प्रसंगातले दोन फरक सांगावेत. दोन्ही खरे कसे असतील, ही चर्चा आपोआप सुरू होते.

५. *नकाशा.* वर सांगितल्याप्रमाणे अंतर मोजणे. परिसर अभ्यास आणि गणित दोन्ही होतात.

११. पालकांसाठी दोन शब्द

आई-बाबांनो, मुलांसोबत असा चित्रपट बघाल तेव्हा मध्येच “हे खोटं आहे” असं ओरडू नका. मजा जाते आणि मूल चिडतं. चित्रपट संपल्यावर जेवताना एकच प्रश्न विचारा, “यातलं खरंच घडलं असेल असं तुला काय वाटतं, आणि का?” उत्तर येऊ द्या. चूक-बरोबर नंतर. सुट्टीत सिंहगडावर गेलात तर पिठलं-भाकरी आणि दही खाऊन परत येऊ नका. तानाजींच्या समाधीशी थांबा, मग कड्यापाशी, कठड्याच्या आत उभं राहून, खाली बघा. हवा स्वच्छ असेल तर राजगड दाखवा. बाकी सगळं मुलं स्वतः जुळवतील.

आणि हो, त्या उत्तराचं काय झालं? गुण कापले नाहीत, दिलेही नाहीत. उत्तराखाली लाल शाईने एक प्रश्न लिहिला, “राजगड किती लांब आहे ते नकाशात मोजून सांग, मग गुण देते.” मूल दुसऱ्या दिवशी पट्टी घेऊन आलं. आपल्या वर्गात असा प्रयोग करून पाहा आणि मुलं काय म्हणतात ते जरूर कळवा.